गायनशिक्षकाच्या पेशास प्रतिष्ठा मिळवून देणारे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

जुबिलीच्या स्मरणिकेत धर्मग्रामाचा इतिहास, देवळाच्या बांधकामाची हकीकत आणि आजवर येथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंची नामावली ह्या गोष्टी वाचकांस अपेक्षित असतात, व त्या ह्या पुस्तकात अन्यत्र आल्याही आहेत. आमच्या वाट्यास आलेल्या पानांत मात्र आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र सांगणार आहोत, की जो आपल्या ख्रिस्तसभेतला नव्हता, ज्याचा जन्म वर्धा जिल्ह्यात झाला नाही, व ज्याचे नाव आमच्या पुष्कळ कुटुंबांत क्वचितच निघत असेल. तरीही हे चरित्र येथे का, हे आधी सांगणे भाग आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक आईबाप आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा रविवारच्या मिस्साला पेटी वाजवितो. त्याने घरी सांगितले होते की आपणांस गायनाचा शिक्षक व्हावयाचे आहे, चार घरी शिकवण्या कराव्या व त्यावरच संसार चालवावा असा आपला मानस आहे. बाप घाबरला होता. मुलाची समजूत धर्मगुरूंनी घालावी एवढीच त्याची विनंती होती. आई काही बोलली नाही, परंतु जाताना तिने एकच गोष्ट विचारली, की मुलाचे वेड देवाच्या कामी पडते तेव्हा ते चांगले, आणि पोटाच्या कामी पडू लागले की ते वाईट, हे कसे? त्या दिवशी आम्हांस उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी दक्षिण महाराष्ट्रातील कुरुंदवाड ह्या लहानशा संस्थानी गावी झाला. त्यांचे वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. त्यामुळे गाणे व भक्ती ही दोन्ही मुलाच्या कानांवर एकाच वेळी पडली, आणि पुढे आयुष्यभर त्याने ती दोन्ही वेगळी मानली नाहीत. मुलगा शाळेत हुशार होता. तो गवई व्हावा असे घरी कोणाच्या मनात नव्हते. परंतु बाळपणी एका उत्सवात दारूकामाचा स्फोट त्याच्या तोंडाजवळ झाला, चेहरा भाजला व डोळ्यांस कायमची इजा पोहोचली. उपचारांनी थोडी दृष्टी राहिली, पण पुस्तकी शिक्षणाची वाट बंद झाली. जे डोळ्यांनी साधणार नाही ते कानांनी साधावे, अशा विचाराने मुलास गाण्याकडे वळविण्यात आले. मिरजेच्या संस्थानिकांनी आश्रय दिला, आणि विष्णूस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या हाती सोपविण्यात आले.

बाळकृष्णबुवा हे साधे गवई नव्हते. गाणे शिकण्याच्या ध्यासाने ते महाराष्ट्रातून निघून ग्वाल्हेरीस पोहोचले होते, तेथे वासुदेवबुवा जोशी यांच्या घरी राहून त्यांनी विद्या मिळविली होती, आणि ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांनाच दिले जाते. त्या काळी विद्या मिळविण्याचा मार्ग एकच असे, तो म्हणजे गुरुगृही राहणे. शिष्याने घरची कामे करावी, गुरूची मर्जी सांभाळावी, व गुरू प्रसन्न होतील तेव्हा जे कानी पडेल ते कंठात साठवावे. वेळापत्रक नव्हते, पुस्तक नव्हते, अमुक वर्षांत अमुक इतके शिकविले जाईल असा भरवसा नव्हता. एखादी दुर्मिळ चीज मिळावी म्हणून शिष्याने वर्षानुवर्षे वाट पाहावी, हे नित्याचेच होते. विष्णूने ह्या कठोर मार्गाने मिरजेत कित्येक वर्षे काढली, आणि त्याचा आवाज व त्याची तयारी पाहून लोक त्याचे नाव घेऊ लागले.

ह्याच सुमारास ती गोष्ट घडली, जी त्यांच्या सर्व चरित्रकारांनी सांगितली आहे. मिरजेस एक समारंभ होता. संस्थानिकांचा आश्रित म्हणून तरुण विष्णु दिगंबरांस त्याचे आमंत्रण आले, परंतु प्रत्यक्ष गुरूस, म्हणजे बाळकृष्णबुवांस, आले नाही. असे का, अशी त्यांनी चौकशी केली तेव्हा त्यांना कळले की गुरुजी हे गवई, व गवयास प्रतिष्ठित मंडळींच्या बैठकीचे आमंत्रण करण्याची रीत नाही. ज्या माणसाच्या गाण्यावर सभा डोलते त्याला सभेत आसन नाही, ही गोष्ट त्यांच्या अंतःकरणात रुतून बसली. गवयाचा पेशा हलका का मानला जातो, आणि तो सन्मानाचा कसा होईल, ह्या एकाच प्रश्नाने पुढे त्यांचे सारे आयुष्य व्यापून टाकले.

१८९६ साली त्यांनी मिरज सोडली. संस्थानाचा आश्रय होता, जेवणाखाण्याची ददात नव्हती. तरीही एकदोन सोबती घेऊन ते बाहेर पडले. बडोद्यास त्यांच्या गाण्याची चहा झाली, काठेवाडात त्यांनी मैफली केल्या. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात निवडक लोकांपुढे गाण्याऐवजी, सामान्य लोकांनी थोडे पैसे देऊन गाणे ऐकावे अशा जाहीर जलशाची प्रथा पाडण्यात ते अग्रभागी होते. आज आम्हांस तिकीट काढून गाणे ऐकण्यात काही नवल वाटत नाही. परंतु एका धनिकाच्या मर्जीवर जगणारा कलावंत आणि शंभर सामान्य लोकांच्या चार-चार आण्यांवर जगणारा कलावंत ह्यांच्यातील अंतर फार मोठे आहे. पहिल्याची मान धनिकाच्या हाती असते. दुसऱ्यास कष्ट अधिक, पण त्याची मान मोकळी असते.

गिरनार पर्वतावर एका साधूची त्यांची भेट झाली, व त्याच्या सांगण्यावरून ते उत्तरेकडे वळले, असे सांगतात. ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत, वाटेत व्रजभाषा व ध्रुपदाचे ज्ञान मिळवीत, ते पंजाबात पोहोचले. भाषा परकी, चालीरीती परक्या, ओळखीचे कोणी नाही. अशा त्या प्रांतात, लाहोर शहरी, ५ मे १९०१ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. कोणा राजाने खर्च पत्करलेली नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर, विद्यार्थ्यांच्या फीवर व स्वतःच्या मैफलींच्या प्राप्तीवर चालणारी ही संगीतशाळा होती. ज्याला शिकावयाचे असेल त्याला दार उघडे होते, मग तो कोणत्याही घराण्यातला असो.

ह्या शाळेतील व्यवस्था थोडी तपशिलाने सांगतो, कारण गायनशिक्षकाचा पेशा कशावर उभा राहतो हे त्यात दिसते. पहिली गोष्ट म्हणजे अभ्यासक्रम. कोणत्या वर्षी कोणते राग, किती अलंकार, कोणते ताल शिकवावयाचे हे आधी ठरलेले असे, व इतर शाळांप्रमाणे येथेही वर्ग, वेळापत्रक व परीक्षा असत. दुसरी गोष्ट म्हणजे पुस्तके. पलुसकरांनी स्वरलेखनाची एक पद्धती सिद्ध केली, चिजा लिहून काढल्या, आणि संगीत बालप्रकाश, रागप्रवेश इत्यादी मालांतून लहानमोठी पन्नासांवर पुस्तके प्रसिद्ध केली. त्यांसाठी छापखाना घातला, आणि संगीतविषयक मासिकही चालविले. तिसरी गोष्ट म्हणजे वाद्ये. ती दुरुस्त करण्याची व बनविण्याची सोय शाळेतच केली. चौथी गोष्ट म्हणजे स्त्रियांचे शिक्षण. कुलीन घरातील स्त्रीने गाणे म्हणजे कुळास बट्टा, असे ज्या काळी मानीत, त्या काळी त्यांनी स्त्रियांचे वर्ग काढले, व त्या कामी त्यांच्या पत्नी रमाबाई यांचे साहाय्य झाले. पाचवी गोष्ट म्हणजे गीतांची निवड. जुन्या चिजांत शृंगाराचे शब्द पुष्कळ असत. आईबाप त्यामुळेच मुलांस गाणे शिकवावयास कचरत. पलुसकरांनी राग व चाल तीच ठेवून तेथे भक्तिपर शब्द घातले. घरोघरीचे दरवाजे गायनशिक्षकास उघडे झाले ते ह्याच किल्लीने.

ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांचा उपदेशकवर्ग. होतकरू पण गरीब मुलांस ते दीर्घ मुदतीच्या कराराने आपल्याकडे ठेवून घेत, त्यांना अन्न, वस्त्र, निवारा व विद्या विनामूल्य देत, आणि मुदत संपल्यावर ह्या तरुणांनी गावोगाव जाऊन संगीत शिकवावे अशी अपेक्षा ठेवीत. आम्ही सेमिनरीत वाढलेले असल्यामुळे हे वाचताना आम्हांस मोठी ओळख पटते. पहाटे उठणे, स्वच्छ व साधा पोशाख, व्यसनापासून दूर राहणे, ठराविक वेळी अभ्यास, ठराविक वेळी प्रार्थना. गवयाची विद्या मोठी पण राहणी गबाळी व व्यसनी, अशी जी लोकांची समजूत होती, ती व्याख्यानांनी नव्हे तर ह्या मुलांच्या वागणुकीने पुसून काढावयाची होती.

टीका झालीच. गाणे हे पुस्तकातून येत नाही, वीस मुलांचा वर्ग भरवून कोणी मोठा गवई होत नाही, असे जुने उस्ताद म्हणत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. पलुसकरांचे उत्तर थोडक्यात असे असे की, आपणांस तानसेन निर्माण करावयाचे नसून कानसेन निर्माण करावयाचे आहेत. म्हणजे चांगले गाणे कोणते हे ओळखणारा कान हजारो घरांत तयार व्हावा, मग थोर गवयास ऐकणारे आपोआप लाभतील. त्यांचे समकालीन पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीही हेच कार्य निराळ्या मार्गाने केले. त्यांची स्वरलेखनपद्धती अधिक सुटसुटीत ठरून फार दूरवर पसरली, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

येथे आम्हांस आपल्या ख्रिस्तसभेतील एका पुरुषाची आठवण होते. अकराव्या शतकात इटलीत ग्विदो नावाचे बेनेदिक्तीन संन्यासी होऊन गेले. मठातील मुलांस स्तोत्रे पाठ करावयास वर्षानुवर्षे लागत, कारण सर्व काही गुरूच्या तोंडून ऐकूनच शिकावे लागे. ग्विदो यांनी रेषांवर स्वर लिहिण्याची पद्धत सुधारून रूढ केली, आणि संत योहान बाप्तिस्ता यांच्या एका लॅटिन स्तोत्राच्या चरणांतील आद्याक्षरांवरून स्वरांस नावे दिली. आमच्या गायनमंडळातील मुले आज जे डो, रे, मी म्हणतात त्याचे मूळ तेच. ह्या सुधारणेमुळे त्यांच्या मठातील बंधूंचाच मत्सर जागृत झाला व त्यांना मठ सोडून आरेत्सो येथे जावे लागले. पुढे पोप एकोणिसावे योहान यांनी त्यांना रोमला बोलावून त्यांची पद्धती समजून घेतली. देश निराळा, धर्म निराळा, मध्ये जवळजवळ नऊशे वर्षांचे अंतर, पण एका गायनशिक्षकाची अडचण व तिच्यावरचा उपाय किती सारखा! पलुसकरांनी लाहोरास शाळा काढल्यावर दोनच वर्षांनी, २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, पोप दहावे पायस यांनी उपासनेतील संगीताच्या सुधारणेसंबंधी आपले प्रसिद्ध आज्ञापत्र काढले, हाही योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१९०८ साली पलुसकरांनी मुंबईस गांधर्व महाविद्यालयाची शाखा काढली, व पुढे तेच कार्याचे मुख्य ठाणे झाले. विद्यार्थी वाढले, वसतिगृह हवे झाले, सभागृह हवे झाले. सँडहर्स्ट रोडवर स्वतःची भव्य इमारत उठली. परंतु ती कर्जावर उठली होती. फीच्या उत्पन्नातून शिक्षकांचे पोट भरत असे, इमारतीचे व्याज भरत नसे. ते व्याज भरावयाचे म्हणजे पलुसकरांनी देशभर हिंडून मैफली कराव्या व मिळालेले पैसे आणून कर्जात घालावे, एवढाच मार्ग होता. एवढी मोठी संस्था शेवटी एका माणसाच्या कंठावर तोललेली होती. उत्तर वयात त्यांचे मन रामभक्तीकडे पूर्ण वळले. त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली, मैफलींपेक्षा रामायणाची प्रवचने व रामनामाचे संकीर्तन ह्यांत ते रमू लागले, आणि प्राप्ती घटली. १९२४ च्या सुमारास कर्जापायी इमारत लिलावात गेली. ज्या धर्मगुरूने देवळाच्या बांधकामासाठी दारोदार वर्गणी मागितली आहे, त्याला हे वाक्य लिहिताना हात थोडा थांबवावा लागतो.

घरच्या दुःखांसही सीमा नव्हती. त्यांना अनेक अपत्ये झाली, परंतु ती एकामागून एक अकाली निवर्तली. १९२१ साली जन्मलेले दत्तात्रय हेच काय ते राहिले. इमारत गेल्यावर पलुसकर नाशिकास रामनाम आधार आश्रमात राहिले. काही निष्ठावंत शिष्य तेथेही त्यांच्याबरोबर होते व शिकणे-शिकविणे चालूच होते. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांतून ते वंदे मातरम् गात असत. १९२३ साली काकिनाडा येथे अध्यक्षांनी सभास्थानी संगीतास हरकत घेतली असताही त्यांनी ते गीत पूर्ण म्हटले, ही त्यांच्या निर्भयतेची साक्ष सर्वत्र सांगितली जाते. २१ ऑगस्ट १९३१ रोजी, ज्या मिरजेत गुरूचा अवमान पाहून ते बाहेर पडले होते, त्याच मिरजेत त्यांनी देह ठेवला. वय एकोणसाठ वर्षे. हाती पैसा नव्हता, इमारत नव्हती, आणि मुलगा अवघा दहा वर्षांचा होता. जगाच्या हिशेबाने हे जीवन फसले असेच कोणी म्हणाले असते.

परंतु वाचकहो, बी मातीत गेल्यावाचून पीक येत नाही, हे वऱ्हाड-वर्ध्याच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. त्याच वर्षाअखेर त्यांचे शिष्य अहमदाबाद येथे एकत्र आले व त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. प्रा. बा. र. देवधर यांनी मुंबईस आपली संगीतशाळा १९२५ सालीच सुरू केली होती. कुमार गंधर्व तेथेच तयार झाले. ओंकारनाथ ठाकूर यांनी पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीत महाविद्यालय उभारले. नारायणराव व शंकरराव व्यास हे बंधू दादरास विद्यालय चालवू लागले. पोरका झालेला दत्तात्रय ह्याच गुरुबंधूंच्या हाताखाली शिकला व द. वि. पलुसकर ह्या नावाने देशभर गाजला. दुर्दैवाने १९५५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तोही निवर्तला. १९७३ साली भारत सरकारने विष्णु दिगंबरांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. ज्यांच्या गुरूस गवई म्हणून आमंत्रण नाकारले गेले, त्यांचे चित्र आता प्रतिष्ठितांच्या पत्रांवर चिकटू लागले.

आता आमच्या वर्धा जिल्ह्याकडे वळू. महात्मा गांधींनी साबरमतीच्या आश्रमासाठी संगीतशिक्षक मागितला, तेव्हा पलुसकरांनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांस पाठविले. खरे यांनी आश्रमवासीयांच्या कंठांना वळण लावले व आश्रम-भजनावली सिद्ध केली. ते १९३८ साली हरिपुरा येथे वारले. परंतु १९३६ साली महात्माजी आपल्या जिल्ह्यातील सेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास आले, तेव्हा प्रार्थनेची ती परंपराही त्यांच्याबरोबर आली. रघुपती राघव ही रामधून आज ज्या चालीवर म्हटली जाते ती चाल पलुसकरांची, असे मानतात. तिच्या शेजारी त्या प्रार्थनाभूमीवर लीड काइंडली लाइट हे स्तोत्रही महात्माजींच्या आवडीचे म्हणून गायिले जाई. त्याचे कर्ते जॉन हेन्री न्यूमन हे पुढे आपल्या ख्रिस्तसभेत आले, कार्डिनल झाले, व १३ ऑक्टोबर २०१९ रोजी संतपदास चढविले गेले. म्हणजे मिरजेच्या गायनशाळेतून निघालेली एक वाट व इंग्लंडातील एका संताच्या लेखणीतून निघालेली दुसरी वाट, ह्या दोन्ही आमच्या घरापासून काही कोसांवर, एका झाडाखालच्या सायंप्रार्थनेत मिळाल्या होत्या. पलुसकर आमच्या जिल्ह्याचे नव्हते, असे आम्ही आरंभी म्हटले. ते आता थोडे मागे घेतो.

आता त्या आईबापांच्या प्रश्नाकडे. गायनाच्या शिकवणीवर आज संसार चालतो काय? पलुसकरांच्या शिष्यांनी स्थापिलेल्या मंडळाच्या परीक्षा आज वर्षातून दोन वेळा होतात. प्रारंभिकापासून प्रवेशिका व मध्यमा ओलांडून विशारद पूर्ण होईपर्यंत एकंदर सात परीक्षा आहेत, व त्यापुढे अलंकार. जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत घरच्या ओटीवर पेटी मांडून ह्या परीक्षांची तयारी करून घेणारे शिक्षक व शिक्षिका आहेत, व त्यांची चूल त्यावर पेटते. ह्या सर्वांना अभ्यासक्रम आयता मिळतो, पुस्तक आयते मिळते, आईबापांस दाखविता येईल अशी प्रमाणपत्राची पायरी आयती मिळते. हे सर्व एका अर्धदृष्टी माणसाने आयुष्य खर्चून तयार करून ठेवले, म्हणून ते आयते.

परंतु पलुसकरांच्या चरित्रातून त्या मुलाने काही सावधगिरीच्या गोष्टीही घ्याव्या. आधी स्वतःची विद्या पक्की करावी. पलुसकरांनी कित्येक वर्षे गुरुगृही काढल्यावरच दुसऱ्यास शिकविण्यास आरंभ केला. अर्ध्या कच्च्या शिक्षकाने बिघडविलेला गळा सुधारणे फार कठीण असते. वेळ पाळावी, वर्तन निर्मळ ठेवावे. परक्याच्या घरात मुलांस, विशेषतः मुलींस, शिकवावयास जाणाऱ्या माणसाचे पहिले भांडवल विश्वास हे होय. फी आरंभीच मोकळेपणाने ठरवावी व ती मागण्याची लाज धरू नये. आणि शिकवणीच्या प्राप्तीवर जेवढे पेलेल तेवढेच अंगावर घ्यावे. इमारतीच्या मोहाने त्या थोर पुरुषासही दगा दिला.

आणि धर्मग्रामाने काय करावे? येथे आम्हांस आमचाच दोष कबूल करावा लागतो. काही वर्षांपूर्वी आश्रयदात्या संताच्या सणासाठी एका गायनशिक्षकाने दोन महिने, रोज सायंकाळी, आमच्या मुलांस स्तोत्रे शिकविली. सणाच्या दिवशी मंडपवाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे व आचाऱ्याचे पैसे आम्ही त्याच रात्री चुकते केले. गायनशिक्षकास शाल व श्रीफळ दिले, टाळ्या वाजविल्या, आणि त्यापलीकडे काही द्यावयाचे असते हे आमच्या ध्यानीही आले नाही. त्याने ते हसून स्वीकारले. पुढे कळले की त्या दोन महिन्यांत त्याने सायंकाळच्या दोन शिकवण्या सोडल्या होत्या. मिरजेच्या समारंभात बाळकृष्णबुवांस आमंत्रण नव्हते, आमच्या समारंभात शिक्षकास आमंत्रण होते, आसन होते, शालही होती. परंतु आम्ही केले ते मिरजकरांहून फार निराळे होते काय? ज्याचे काम देवाच्या सेवेचे आहे त्याने ते फुकट करावे असे आपण सहज समजतो. मजूर आपल्या मजुरीस पात्र आहे, ही शिकवण मात्र इतरांसाठी राखून ठेवतो.

म्हणून आम्ही त्या आईबापांस बोलावून आमचा विचार सांगितला. मुलास शिकू द्यावे, परंतु चांगल्या गुरूकडे व नेमाने. विशारद होईपर्यंत त्याने शालेय शिक्षणही सोडू नये. मग त्याची तीच इच्छा कायम राहिली तर ती मोडू नये. बाप अजून पूर्ण निर्धास्त झालेला नाही, व त्याला आम्ही दोष देत नाही, कारण घर त्याला चालवावयाचे आहे. आईच्या प्रश्नास मात्र आमचे उत्तर एवढेच, की देवाच्या कामी पडणारी विद्या पोटाच्या कामी पडली तर ती बाटत नाही. तिचा मोबदला बुडविणारा मात्र बाटतो.

जुबिली म्हणजे पवित्र शास्त्रात ऋणमुक्तीचे वर्ष. धर्मग्रामाच्या कार्यकारिणीने आमच्या विनंतीवरून असे ठरविले आहे की, ह्या जुबिलीच्या जमाखर्चात गायनशिक्षकाचे मानधन ही पहिली रक्कम लिहिली जाईल व मंडपवाल्याच्या आधी ती दिली जाईल. ज्या शिक्षकाचे आम्ही देणे लागत होतो, त्यासही ते पोहोचते झाले आहे. त्याने पाकीट उघडून पाहिले नाही. नाताळासाठी तालीम केव्हापासून लावावयाची, एवढेच त्याने विचारले.